चार मुख्यमंत्री आणि पालातली माणसे

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. (शंकररावांचा जन्म पैठणचा, पण कर्मभूमी नांदेडच.) उपेक्षेच्या तक्रारींनी भरलेल्या मराठवाड्याच्या राजकीय इतिहासात ही चार पाने अभिमानाने उलटली जातात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु याच दोन जिल्ह्यांनी मुंबई, ठाणे, पुणे येथील पदपथांना, पुलांखालच्या आडोशांना आणि रेल्वेच्या कडेच्या मोकळ्या जागांना किती माणसे दिली, हे मात्र कोणी अभिमानाने सांगत नाही. योगायोग असा की, सार्वजनिक जागेवर झोपडी बांधून वा पाल ठोकून राहणाऱ्या बेघरांचे काय करावयाचे, या प्रश्नावर महाराष्ट्रातील काँग्रेस पक्षाची भूमिका ज्या वळणांवर घडली, त्यांपैकी अनेक वळणांवर मुख्यमंत्रिपदी नांदेडचा किंवा लातूरचा माणूस बसलेला होता. राज्य आपले, मुख्यमंत्री आपला आणि पदपथावरचा माणूसही आपलाच, असा हा तिढा आहे.

या प्रश्नाची एक गंमत दरवर्षी लोहा तालुक्यातील माळेगावी पाहावयास मिळते. खंडोबाच्या यात्रेला तेथे घोडे येतात, उंट येतात, गाढवे येतात, आणि त्यांच्यासोबत भटक्या जमातींची शेकडो पाले येतात. जिल्हा परिषद त्या दिवसांत पाण्याची, दिव्यांची, जनावरांच्या दवाखान्याची व्यवस्था करते. पुढारी फेटे बांधून उद्घाटनाला येतात. यात्रा उठली, की हीच पाले गाढवांच्या पाठीवर चढतात आणि एखाद्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागच्या माळावर किंवा स्मशानाच्या कडेला उतरतात. यात्रेत जी लोकसंस्कृती होती, ती आठवड्याभरात अतिक्रमण होते. पाल तेच असते, कापडही तेच असते. लातूर तालुक्यातील धनेगावी जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकाला आपल्याच जिल्ह्यातील गावकुसाबाहेरचे हे जग प्रथमच कळल्यासारखे झाले. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झालेला असला, तरी पाल ठोकणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची फौजदारी दृष्टी त्याच्याबरोबर रद्द झाली नव्हती.

परंतु राजकीय पक्षांची भूमिका गावाच्या माळावर घडत नाही. ती मुंबईत घडते, आणि तेथून परिपत्रकांच्या रूपाने नांदेड-लातूरच्या तहसिलीत उतरते. म्हणून आधी मुंबईकडे जाणे भाग आहे.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याचा कणा मोडला. खडी फोडण्याच्या कामांवर ज्यांना पोट भरता आले ते गावी राहिले. ज्यांना आले नाही, ते मिळेल त्या गाडीने मुंबई-पुण्याकडे गेले आणि परतले नाहीत. फेब्रुवारी १९७५ मध्ये शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, तेव्हा ही माणसे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत स्थिरावू लागली होती. शंकररावांच्या शिस्तीविषयी आणि पाटबंधाऱ्यांच्या कामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या कारकिर्दीत ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतील झोपड्यांची जी शिरगणती झाली, तिच्याविषयी फार कमी लिहिले गेले. एका दिवसात सरकारी माणसे घरोघर, किंबहुना झोपडोझोपडी, फिरली आणि ज्यांची नोंद झाली त्यांना ओळखपत्रे देण्यात आली. तोवर झोपडी ही केवळ पाडावयाची वस्तू होती. त्या दिवसापासून ती मोजावयाची वस्तू झाली. ज्याच्याजवळ कागद, त्याला पर्यायी जागेचा काही एक हक्क. ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला काहीच नाही. महाराष्ट्रात गेली पन्नास वर्षे जे ‘कट-ऑफ डेट’चे राजकारण चालले आहे, त्याचे बीज या शिरगणतीत आहे.

शिरगणतीला पाच महिने होत नाहीत तोच, आणीबाणीच्या ऐन भरात, ट्रॉम्बेजवळची जनता कॉलनी उठविण्यात आली. अणुसंशोधन केंद्राला ती जागा हवी होती. ज्या लोकांना तेथून हलवून चीता कॅम्पच्या दलदलीत नेण्यात आले, त्यांपैकी अनेकांना जनता कॉलनीतही काही दशकांपूर्वी महापालिकेनेच आणून बसविले होते. म्हणजे ते अतिक्रमक होते असेही म्हणावयाची सोय नव्हती. तरीही उठविताना त्यांना त्याच भाषेत उठविले गेले.

पुढचे वळण १९८१ चे. १३ जुलै रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या मोडल्या, माणसे बसमध्ये भरली. अंतुले काँग्रेसचेच, ‘गरिबी हटाव’ या घोषणेला तेव्हा दहा वर्षे पूर्ण झाली होती. या कारवाईविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथवासी यांनी केलेले अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले, आणि १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी निकाल दिला. विधी महाविद्यालयांत हा निकाल आजही शिकविला जातो. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, कारण उपजीविकेचे साधनच हिरावले तर जगणे उरत नाही, हे त्यात प्रथम एवढ्या स्पष्टपणे सांगितले गेले.

वर्गात जे सहसा सांगितले जात नाही ते असे की, अर्जदार तत्त्वात जिंकले आणि व्यवहारात हरले. पदपथ हा चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावर घर बांधण्याचा हक्क कोणालाही नाही, महापालिकेला ते हटविता येईल, फक्त सामान्यतः आधी सूचना द्यावी, असेही त्याच निकालात म्हटले होते. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हात लावू नये. १९७६ च्या शिरगणतीचे ओळखपत्र असणाऱ्यांना पर्यायी जागा द्यावी. पुन्हा कागद आलाच. या प्रकरणातील एका अर्जदाराची कहाणी निकालपत्रातच दिली आहे. तो संगमनेरकडचा चर्मकार. गावातले घर पडले, म्हणून तो मुंबईस आला. बदली कामगार म्हणून त्याला काम मिळाले, आणि तुळशीवाडीच्या पदपथावर झोपडीची जागा त्याने एका गुंडाला तीनशे रुपये देऊन मिळविली. हा तपशील कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा अधिक सांगून जातो. सार्वजनिक जागा फुकट बळकावली, असा जो आरोप मध्यमवर्गीय दिवाणखान्यातून नेहमी होतो, त्याला येथे परस्पर उत्तर मिळते. ती जागा फुकट नव्हतीच. तिचे पैसे मात्र सरकारात जमा होत नव्हते.

निकाल लागला तेव्हा मुख्यमंत्रिपदी निलंग्याचे शिवाजीराव पाटील होते. जून १९८५ ते मार्च १९८६ अशी त्यांची अवघ्या नऊ महिन्यांची कारकीर्द. ऑक्टोबरनंतर काय करावयाचे हा प्रश्न त्यांच्या टेबलावर आला होता. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईतील सहा हजारांहून अधिक पदपथवासी कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली होती, आणि ही माणसे कालपरवा आलेली नसून कित्येक वर्षे त्याच पदपथावर संसार करीत आहेत, हे तिने दाखवून दिले होते. निलंगेकरांच्या सरकारने सरसकट बुलडोझर फिरविला नाही, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. पण पदपथवासीयांविषयी पक्षाची म्हणून एखादी भूमिका घेतली, असेही झाले नाही. डिसेंबर १९८५ मध्ये काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनासाठी राजीव गांधी मुंबईत आले आणि मुंबईच्या घरबांधणीसाठी शंभर कोटी रुपये जाहीर करून गेले. तो पैसा मुख्यतः धारावी आणि जुन्या मोडकळीस आलेल्या चाळी यांच्याकडे वळला. पदपथावरचा माणूस हा चाळीतही नव्हता आणि झोपडपट्टीच्या व्याख्येतही नव्हता.

मार्च १९८६ मध्ये शंकरराव पुन्हा मुख्यमंत्री झाले, त्या सुमारास नरिमन पॉइंटजवळची एक वस्ती उठविण्यात आली. तिचे नाव संजय गांधी नगर. झोपडपट्टीला पुढाऱ्याचे नाव देण्याची ही पद्धत काही मुंबईची मिरास नाही. मराठवाड्याच्या कोणत्याही शहरात फिरून पाहावे, नकाशावर नसलेल्या वस्त्यांना सर्वपक्षीय थोर पुरुषांची नावे आढळतील. पाटी हीच तेथली सनद असते. आपल्याच नेत्याच्या नावावर बुलडोझर घालताना सत्ताधारी दहा वेळा विचार करील, अशी त्यामागची भाबडी, किंवा भाबडी म्हणण्यापेक्षा अनुभवी, समजूत असते. संजय गांधी नगराच्या बाबतीत ती फोल ठरली. आनंद पटवर्धन, शबाना आझमी आणि रहिवासी उपोषणाला बसले, तेव्हा कोठे गोरेगावला पर्यायी जागा मिळाली.

१९९५ साली शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली ती चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन देऊन. एकेकाळी परप्रांतीयांच्या झोपड्यांविरुद्ध आवाज उठविणाऱ्या पक्षाने झोपडीलाच मतपेटीचा पाया केला. १ जानेवारी १९९५ ही नवी तारीख ठरली आणि पदपथवासी प्रथमच पात्र ठरविले गेले, ही या योजनेची नोंद घेण्यासारखी बाजू. बाकी घरे किती झाली आणि बिल्डरांच्या हाती किती जमीन गेली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मात्र २००४ सालाकडे थोडे थांबूनच पाहिले पाहिजे. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे वचन जाहीरनाम्यात दिले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांनी त्यावर विश्वास ठेवून मते दिली. १ नोव्हेंबर रोजी बाभळगावचे विलासराव देशमुख दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले, आणि डिसेंबरात मुंबईत पाडकाम सुरू झाले. मुंबईचे शांघाय करण्याच्या गोष्टी त्या दिवसांत फार चालत. फेब्रुवारी २००५ पर्यंत ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या जमीनदोस्त झाल्याचे सांगितले जाते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. दक्षिणेतील बेघरांसाठी मुंबईत निधी आणि कपडे गोळा केले जात होते, आणि त्याच शहरात, त्याच आठवड्यांत, मानखुर्द-मालाडकडे माणसे मोडलेल्या झोपडीच्या पत्र्यावर बसून रात्री काढीत होती. शेवटी दिल्लीतील पक्षश्रेष्ठींना हस्तक्षेप करावा लागला आणि मोहीम थांबली.

विलासराव हे निष्ठुर राजकारणी नव्हते. सरपंचपदापासून चढत आलेला, माणसांत रमणारा, समोरच्याचे बोलणे हसत ऐकून घेणारा असा त्यांचा लौकिक होता. लातूरला त्यांच्या वाड्यावर अर्ज घेऊन आलेला खेडूत सहसा विन्मुख परतत नसे. मग असे का घडावे? उत्तर व्यक्तीच्या स्वभावात शोधण्यापेक्षा पदाच्या रचनेत शोधणे योग्य. लातूरचा मतदार मुख्यमंत्र्याला अर्ज देऊ शकतो, कारण त्याला नाव, गाव आणि मतदारयादीतला क्रमांक आहे. तोच मतदार मुंबईला गेला, की लातूरच्या यादीत तो गैरहजर आणि मुंबईच्या यादीत तो उशिरा आलेला. एका जिल्ह्यात मुख्यमंत्र्याचा माणूस असलेला गृहस्थ पाचशे किलोमीटरवर त्याच मुख्यमंत्र्याच्या राज्यात अपात्र ठरतो. तारखेची मर्यादा १९७६ ची १९८५ झाली, १९९५ झाली, पुढे २००० झाली आणि मग २०११. प्रत्येक वेळी ती एका पक्षाने ‘शेवटची’ म्हणून जाहीर केली आणि दुसऱ्याने, किंवा त्याच पक्षाने, पुढील निवडणुकीआधी पुढे ढकलली. कायमची सोय करावयाची नाही आणि कायमचे हाकलावयाचेही नाही, अशा मधल्या स्थितीत माणूस ठेवला, की तो दर पाच वर्षांनी दाराशी येतो. काँग्रेसची या प्रश्नावरची खरी भूमिका जर कोणती असेल तर ती ही. आणि इतर पक्षांनी ती वारशाने उचलली आहे.

आता पुन्हा मराठवाड्याकडे. येथे ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे प्रामुख्याने गायरान. ज्याला शेत नाही, गावठाणात घर नाही, ज्याच्या वाडवडिलांना गावकुसाच्या आत जागा दिली गेली नाही, तो गायरानाच्या कडेला चार पत्रे उभे करतो. या जागेसंबंधी स्पष्ट भूमिका घेणारा पहिला राजकीय प्रवाह आंबेडकरी होता. मराठवाडा अद्याप हैदराबाद राज्यात होता तेव्हा, १९५३-५४ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह केला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यातील भूमिहीनांसाठी आपल्याला फारसे काही करता आले नाही, ही खंत बोलून दाखविली. त्यांच्या पश्चात रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर, भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लक्षावधी लोक तुरुंगात गेले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिलेल्या मागण्यांच्या सनदेत पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी ही मागणी होती, तशी झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारावी हीही मागणी होती. खेड्यातली पडीक जमीन आणि शहरातली झोपडी हे एकाच प्रश्नाचे दोन टोक आहेत, ही जाण त्या सनदेत होती. पहिले सुटले तर दुसरे उद्भवणार नाही, इतके साधे ते गणित होते. पुढे पक्षाची शकले झाली आणि काँग्रेसशी युत्या झाल्या. जागावाटपाच्या बैठकांत जागा म्हणजे मतदारसंघ, हा एवढाच अर्थ उरला.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. डिसेंबर १९७८ च्या शासननिर्णयाने आणि त्यानंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने शेतीसाठी झालेली भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले. दुसऱ्या निर्णयाची मुदत १४ एप्रिल १९९०, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा प्रारंभदिन. तारीख निवडण्यात भावना होती. अंमलबजावणीत मात्र तलाठ्याचा पंचनामा लागत होता, दंडाची पावती लागत होती, आणि दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला असे समजून पुष्कळांनी पावतीच घेतली नव्हती. ज्याने सरकारला घाबरून कागद टाळला, तो सरकारच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. शिवाय १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यात घरे जळाली, माणसे गाव सोडून गेली, आणि घराबरोबर असलेनसलेले कागदही जळाले.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. प्रकरण होते एका गावतळ्याचे, ते बुजवून त्यावर बांधकाम करणाऱ्यांचे. निकालाचा रोख धनदांडग्यांवर होता, आणि भूमिहीन शेतमजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात नमूद केला होता. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी १२ जुलैला त्यावरून निर्णय काढला. निकालाचा पूर्वार्ध कार्यालयांनी पाठ केला, अपवाद विसरून गेले.

त्याचे फळ २०२२ साली दिसले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत राज्यभरच्या गायरानांचा हिशेब मांडला गेला. सुमारे साडेचार लाख हेक्टर गायरान. त्यापैकी दहा हजार हेक्टरांहून किंचित अधिक क्षेत्रावर सुमारे दोन लाख बावीस हजार अतिक्रमणे. वर्षअखेरपर्यंत ती दूर करण्याचे फर्मान निघाले. या आकड्यांचा साधा भागाकार केला, तर दर अतिक्रमणामागे सरासरी साडेचार गुंठे येतात. त्यात काही मोठ्या बळकावण्या असणारच, तेव्हा उरलेल्यांच्या वाट्याला त्याहूनही कमी. २०२२ हेच वर्ष केंद्र सरकारने ‘सर्वांसाठी घरे’ या योजनेच्या पूर्ततेचे म्हणून जाहीर केले होते. राज्याच्या ग्रामविकास विभागाने त्या उद्दिष्टासाठी १ जानेवारी २०११ पर्यंतची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय फेब्रुवारी २०१८ मध्ये काढलाही होता. ज्या वर्षी प्रत्येकाला घर मिळावयाचे, त्याच वर्षी घर हटविण्याच्या नोटिसा दारावर लागल्या.

मग सर्व पक्षांना कंठ फुटला. राहती घरे पाडू दिली जाणार नाहीत, असे विरोधी बाकांवरून सांगितले गेले आणि सत्ताधारी बाकांवरूनही. सगळेच जर पाडण्याच्या विरुद्ध होते, तर नोटिसा कोणाच्या सरकारच्या सहीने निघाल्या, हे विचारावयाचे नसते. प्रकाश आंबेडकर यांच्या वंचित बहुजन आघाडीने जुलै २०२३ मध्ये गायरानधारकांचा मोर्चा मुंबईत नेला आणि घरे व जमिनी दोन्ही नावावर करण्याची मागणी केली. दादासाहेबांच्या सनदेशी नाते सांगणारी ही मागणी होती. त्या आघाडीचे नांदेडमधील वजन काँग्रेस विसरलेली नव्हती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत अशोक चव्हाण यांचा सुमारे चाळीस हजार मतांनी पराभव झाला, तेव्हा आघाडीच्या उमेदवाराला एक लाख साठ हजारांहून अधिक मते पडली होती. गायरानावरचा माणूस कोणाला निवडून आणू शकत नसेल, पण पाडू शकतो, हे त्या निकालाने दाखविले. घर पाडणे आणि उमेदवार पाडणे या दोन क्रियांना मराठीत एकच धातू आहे.

सरकारजवळ जमीन नाही, पैसा नाही, असे उत्तर नेहमी मिळते. लातूर जिल्ह्याला तरी ते पटणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सात हजार नऊशेहून अधिक माणसे दगावली. माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आणि पुढील काही वर्षांत बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. जमीन संपादित झाली, कर्ज मिळाले, रस्ते आखले गेले, आणि भूमिहीनालाही घर मिळाले. तू येथे कोणत्या तारखेपासून राहतोस, हे भूकंपग्रस्ताला कोणी विचारले नाही. मात्र तेथेही घराचे माप जमिनीच्या मापावर ठरले. मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे चौरस फूट, मधल्याला चारशे, भूमिहीनाला अडीचशे. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती. बांधताना सातबारा पाहिला गेला.

नांदेडलाही एक वेगळा प्रयोग झाला. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानात महाराष्ट्रातील जी पाच शहरे निवडली गेली, त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या जोडीला नांदेड होते. २००८ मधील गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीमुळे हे भाग्य शहराला लाभले. विलासरावांच्या आणि नंतर अशोक चव्हाणांच्या काळात शहरी गरिबांच्या घरांची योजना येथे राबविली गेली, आणि झोपडी हटवून दूर फेकण्याऐवजी आहे त्या जागीच पक्के घर बांधण्यावर तिचा भर होता. मुंबईत त्याच पक्षाने बुलडोझर वापरला आणि नांदेडात विटा वापरल्या, यावरून धोरण पक्षाचे नसून जमिनीच्या भावाचे असते, असा संशय घ्यावयास जागा आहे. अशोक चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले तेही कुलाब्यातील एका इमारतीच्या वादातूनच. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भारतीय जनता पक्षात गेले.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याची छायाचित्रे जगभर गेली. त्याच उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्याच्या मुखेड भागातील शेकडो कुटुंबे मुंबईत घाटकोपरच्या भटवाडीतील मोकळ्या मैदानावर काठ्या आणि ताडपत्री लावून राहत होती. रोजच्या मजुरीवर पोट, सार्वजनिक नळावर पाणी. बातमीदार आले, स्वयंसेवी संस्था आल्या. पाणी गावाकडे निघाले होते आणि माणसे पाण्यापासून दूर, शहराकडे. १९७२ नंतर चव्वेचाळीस वर्षांनी, चार मुख्यमंत्री होऊन गेल्यावर, जिल्ह्याजवळ दुष्काळाचे उत्तर तेच होते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे दोन लाख दहा हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक रात्रनिवारा असावा, असा दंडक आहे. त्याच जनगणनेप्रमाणे नांदेड शहराची वस्ती साडेपाच लाख आणि लातूरची पावणेचार लाखांहून अधिक; म्हणजे एका ठिकाणी किमान पाच आणि दुसऱ्या ठिकाणी किमान तीन निवारे त्या वेळच्या हिशेबानेच हवेत. मते मागावयास येणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने हा आकडा विचारण्यास हरकत नाही. निवारा कोठे आहे, त्याची चावी कोणाकडे असते आणि थंडीत रात्री दहा वाजता तो उघडा असतो काय, एवढे तीन प्रश्न पुरेत.

आणि गायरानासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ५० मध्ये अतिक्रमण हटविण्याचा अधिकार आहे, तर लगेच पुढच्या कलम ५१ मध्ये ते नियमानुकूल करण्याचा. दोन्ही अधिकार जिल्हाधिकाऱ्याच्याच हाती आहेत. पक्षांनी आपापल्या भूमिकेविषयी इतके भाषण करण्यापेक्षा गावनिहाय यादी मागावी: कोणत्या गायरानात राहते घर आहे, कोणत्या ठिकाणी पेट्रोलपंप, मंगल कार्यालय आणि दगडखाण आहे, कोणाचा अर्ज किती वर्षे पडून आहे. ती यादी चावडीवर लावावी. प्रारंभ मुखेड तहसिलीपासून केला तरी चालेल. भटवाडीच्या मैदानावर गेलेल्यांपैकी कोणाची नावे तीत येतात, तेही त्यानिमित्ताने पाहता येईल.